बिऱ्हाड हलवताना



विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसाचे बिऱ्हाड मात्र पाठीवर मावत नाही. कपाट, पलंग, फ्रिज, भांडीकुंडी, लोणच्याच्या बरण्या, पुस्तके आणि आजोबांचे भिंतीवरचे घड्याळ असा सगळा संसार बांधून त्याला ट्रक करावा लागतो. ही वेळ पुष्कळ घरांवर उन्हाळ्यातच येते. महाराष्ट्र शासनाच्या २००५ सालच्या कायद्यानुसार शासकीय कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात होतात. शाळेचे वर्ष संपलेले असते, म्हणून इतरही अनेक कुटुंबे याच दिवसांत घर बदलतात.

अशा वेळी घरात मोठी धांदल उडते. मुलांना 'तुम्ही मधे येऊ नका' असे सांगून बाजूला बसवतात. पण नववी-दहावीत तुम्ही जे भौतिकशास्त्र शिकता, त्यातील निम्मे तरी या दोन दिवसांत घरात प्रत्यक्ष घडत असते. ते नीट समजून घेतले तर काही वस्तू फुटण्यापासून वाचतील, ट्रकची दुसरी खेप वाचेल आणि कुणाचा पाय कपाटाखाली सापडण्याचे संकट टळेल.

आपण एक उदाहरण घेऊ. समजा, सोलापूरच्या एका चौघांच्या कुटुंबाची बदली रत्नागिरीस झाली आहे. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६६ याच दोन शहरांना जोडतो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मलकापूर अशी गावे घेत तो आंबा घाटातून कोकणात उतरतो. अंतर साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचीवर, हवा कोरडी आणि मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर. रत्नागिरी समुद्रकाठी, हवा दमट आणि जूनमध्ये मुसळधार पाऊस. हे सारे फरक आपल्या सामानाला सोसायचे आहेत.

आधी गणित, मग ट्रक

ट्रक केवढा सांगायचा, हा पहिला प्रश्न. तो अंदाजाने सोडवण्याऐवजी मोजपट्टी घ्या. प्रत्येक मोठ्या वस्तूची लांबी, रुंदी व उंची फुटांत मोजून गुणाकार करा, म्हणजे घनफूट मिळतील. पोलादी कपाट साधारण साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल असते, म्हणजे सुमारे २९ घनफूट. अशी दोन कपाटे ५८ घनफूट. फ्रिज २०, कपडे धुण्याचे यंत्र १२, सुटे केलेले दोन पलंग ३०, दोन गाद्या २४, टेबल-खुर्च्या ४०, दीड घनफुटाची चाळीस खोकी ६० आणि बादल्या, सायकल, पिंप असे किरकोळ सामान ४०. बेरीज २८४ घनफूट झाली.

परंतु वस्तू विटांसारख्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत, मध्ये पोकळी राहते. त्यासाठी एक चतुर्थांश वाढवू. २८४ चे ३५५ झाले. आता १० फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि साडेपाच फूट उंचीपर्यंत भरता येणारा हौदा पाहा. त्यात सुमारे ३०२ घनफूट जागा मिळते. तो पुरणार नाही. १४ फूट लांब, ६ फूट रुंद व ६ फूट उंचीच्या हौद्यात ५०४ घनफूट मिळतात. हा पुरेल आणि बांधाबांधीला जागाही राहील. साडेतीनशे किलोमीटरांची दुसरी खेप केवढ्याला पडेल याचा विचार करा, म्हणजे या पाच मिनिटांच्या गुणाकाराची किंमत कळेल.

मोजपट्टी हातात आहे तोवर नव्या घराच्या दाराची आणि जिन्याच्या वळणाची मापेही मागवून घ्यावीत. कपाट ट्रकमध्ये मावले, पण दारातून आत जाईना, अशी फजिती पुष्कळांची होते.

खोके किती जड?

४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच असे पुठ्ठ्याचे खोके घ्या. त्याचे आकारमान सुमारे ४० लिटर. त्यात उशा भरल्या तर ते दोन-तीन किलोचे होईल, कपडे भरले तर आठ-दहा किलोचे. पुस्तके ठासून भरली तर काय होईल? कागदाचा ठोकळा पाण्याहून थोडाच हलका असतो. दर लिटरला पाऊण किलो धरले तरी खोके ३० किलोचे होते! आकार तोच, वजन मात्र दसपट. हीच घनतेची करामत.

एका माणसाने किती ओझे उचलावे? अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने याचा अभ्यास करून एक सूत्र बसवले आहे. त्यात सर्व परिस्थिती अनुकूल असतानाची मर्यादा २३ किलो धरलेली आहे. ओझे जमिनीवरून उचलायचे असेल, अंगापासून दूर धरायचे असेल किंवा कंबर वळवावी लागत असेल, तर ती मर्यादा आणखी खाली येते. कारण उघड आहे. १० किलोचे खोके कण्यापासून ५० सेंटिमीटरवर धरले तर त्याचे आघूर्ण ९८ × ०.५ म्हणजे ४९ न्यूटन-मीटर होते. तेच २५ सेंटिमीटरवर, पोटाशी धरले तर निम्मे. म्हणून ओझ्याजवळ जावे, गुडघे वाकवावेत, खोके पोटाशी घ्यावे आणि पायांच्या जोरावर उठावे.

यावरून नियम निघतो तो असा : पुस्तके लहान खोक्यांत, कपडे व उशा मोठ्या खोक्यांत. ३० × २५ × २० सेंटिमीटरचे खोके पुस्तकांनी भरले तर अकरा-बारा किलोचे होते. ते हमालाच्या पाठीलाही झेपते आणि खोक्याच्या तळालाही.

प्रत्येक तुकड्याला क्रमांक

१९६४ ते १९६८ या काळात इजिप्तमध्ये एक अद्भुत स्थलांतर झाले. नाईल नदीवरील आस्वान धरणाच्या पाण्यात अबू सिंबेलची तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची मंदिरे बुडणार होती. अभियंत्यांनी ती कापून हजाराहून अधिक तुकडे केले. एकेक तुकडा कित्येक टनांचा. प्रत्येकावर क्रमांक घातला, नोंदवहीत त्याची जागा लिहिली आणि सुमारे ६५ मीटर उंचावर मंदिरे पुन्हा जशीच्या तशी उभी केली. क्रमांक नसते तर तिथे नुसता दगडांचा ढीग झाला असता.

सगळ्यांनाच असे भाग्य लाभत नाही. आपल्या भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव गाव गेले. माणसे व त्यांची बिऱ्हाडे हलली, पण पळसनाथाचे दगडी मंदिर जागेवरच राहिले. जलाशयाचे पाणी फार खाली गेले की ते आजही उघडे पडते.

आपल्या घरात अबू सिंबेलची पद्धत सहज वापरता येते. हे काम तुम्ही आपल्याकडे मागून घ्या. प्रत्येक खोक्याला क्रमांक द्या. तो वरच्या बाजूस न लिहिता दोन बाजूंवर लिहा, कारण खोकी एकावर एक रचली की वरची बाजू दिसत नाही. वहीत क्रमांकापुढे आतील वस्तू आणि नव्या घरातील खोली लिहा. पलंग सुटा करताना त्याचे स्क्रू व नट एका पिशवीत घालून ती पिशवी त्याच पलंगाच्या फळीला बांधा. पहिल्या रात्री लागणाऱ्या वस्तू एका खोक्यात ठेवा : चादरी, पातेले, चहा-साखर, विजेरी, साबण, पक्कड आणि पेचकस. हे खोके ट्रकमध्ये सर्वांत शेवटी चढवायचे. शेवटी चढते तेच पहिल्यांदा उतरते.

काच का फुटते?

काचेची बरणी ८० सेंटिमीटर उंच टेबलावरून खाली पडली, तर जमिनीवर पोचताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ४ मीटर असतो. हा वेग शून्यावर यायचा आहे. किती अंतरात, यावर सारे अवलंबून. शहाबादी फरशीवर बरणी जेमतेम एक मिलिमीटर अंतरात थांबते. ८०० मिलिमीटर अंतरात मिळवलेली ऊर्जा एका मिलिमीटरमध्ये खर्च व्हायची, म्हणजे बल वजनाच्या सुमारे ८०० पट हवे. बरणी ३०० ग्रॅमची असेल तर तिचे वजन ३ न्यूटन आणि धक्क्याचे बल २,४०० न्यूटन. जणू अडीच क्विंटलचे ओझे क्षणभर तिच्यावर ठेवले!

आता बरणीखाली घडी घातलेला जाड टॉवेल आहे आणि तो ४ सेंटिमीटर दबतो असे समजा. थांबण्याचे अंतर ४० मिलिमीटर झाले. बल वजनाच्या सुमारे २० पट, म्हणजे ६० न्यूटन. पहिल्याच्या चाळिसावा भाग! संरक्षण मिळते ते टॉवेल दबण्यामुळे. म्हणूनच अस्तर फार मऊ असून चालत नाही. ते एका क्षणात पूर्ण दबून गेले, तर पुढे पुन्हा फरशीच लागते. फार ठासून भरले तर ते दबतच नाही. सोलापूरकरांना अस्तरासाठी बाहेर काही विकत घेण्याची गरज नाही. इथले सुती टॉवेल आणि चादरी या कामाला उत्तम. शिवाय त्या नाहीतरी न्यायच्याच असतात.

दुसरी गोष्ट ताटल्यांची. काचेच्या वा चिनी मातीच्या ताटल्या खोक्यात आडव्या एकावर एक रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. काच दाब चांगला सोसते, ताण मात्र सोसत नाही. ताटली आडवी असली आणि वरून धक्का बसला की ती किंचित वाकते. तिच्या खालच्या पृष्ठभागावर ताण येतो आणि तिथे असलेल्या सूक्ष्म ओरखड्यापासून तडा सुरू होतो. शिवाय सर्वांत खालच्या ताटलीवर साऱ्या चळतीचे वजन. उभ्या ठेवल्या की प्रत्येकीला फक्त स्वतःचा भार आणि तोही कडेच्या दिशेने. आरसेही याच कारणाने उभेच न्यावेत. आरशावर चिकटपट्टीची फुली मारतात. त्यामुळे काच मजबूत होत नाही, फुटलीच तर तुकडे विखुरत नाहीत, एवढाच तिचा उपयोग.

कपाट : जिन्यात आणि ट्रकमध्ये

घरातील सर्वांत धोक्याची वस्तू कोणती, असे विचारले तर मी पोलादी कपाटाकडे बोट दाखवीन. ते उंच आहे आणि त्याचा पाया अरुंद आहे. उंची १९५ सेंटिमीटर व खोली ४८ सेंटिमीटर धरू. गुरुत्वमध्य मधोमध असेल तर तो जमिनीपासून ९७.५ सेंटिमीटर उंच आणि पुढच्या कडेपासून २४ सेंटिमीटर आत. कपाट पुढे कलत गेले आणि गुरुत्वमध्यातून जाणारी लंबरेषा पायाबाहेर पडली की ते कोसळते. हा कोन केवढा? २४ भागिले ९७.५ म्हणजे ०.२४६. हे ज्या कोनाचे टॅन गुणोत्तर आहे तो कोन सुमारे १४ अंश. खालचे कप्पे रिकामे करून वरचे भरलेले ठेवले, तर गुरुत्वमध्य वर सरकतो आणि हा कोन १०-११ अंशांवर येतो. म्हणून कपाट रिकामे करताना आधी वरचे कप्पे रिकामे करावेत, दारे दोरीने बांधावीत आणि मगच कपाटाला हात लावावा.

जिन्यातून उतरवताना आणखी एक गंमत घडते. समजा, ६० किलोचे रिकामे कपाट आडवे करून दोघे खालच्या कडांना धरून नेत आहेत. सपाट जागी प्रत्येकावर ३० किलो. जिन्याचा उतार ३५ अंशांचा असेल तर कपाट कलते आणि गुरुत्वमध्य खालच्या माणसाच्या बाजूला सरकतो. हिशेब केला तर खालच्या माणसावर सुमारे ३५ किलो आणि वरच्यावर २५ किलो येतात. शिवाय कपाट निसटलेच तर ते खालच्याच्या अंगावर. म्हणून खाली अनुभवी, दणकट माणूस असावा आणि त्या वेळी जिन्यात दुसरे कुणीही, विशेषतः मुलांनी, उभे राहू नये.

आता ट्रककडे वळू. ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेला ट्रक अडीच सेकंदांत थांबला, तर मंदन ४.४ मी/से² होते. कपाटाचे पाय हौद्याच्या तळाशी घर्षणाने धरलेले आणि वरचा भाग मात्र जडत्वामुळे पुढे जाऊ पाहतो. खोलीच्या दिशेने कपाट उलटायला ९.८ × ०.२४६ म्हणजे फक्त २.४ मी/से² पुरतात. मोकळे उभे असलेले कपाट आडवे होणारच.

वळणावर काय होते? घाटातील वळणाची त्रिज्या २० मीटर धरा. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, हे अभिकेंद्री त्वरणाचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे. ताशी २० किलोमीटर वेगाला ते १.५ मी/से² येते आणि ताशी ३० ला ३.५ मी/से². वेग दीडपट, पण त्वरण सव्वादोनपट! कपाटाची खोली ट्रकच्या रुंदीच्या दिशेने असेल, तर ताशी २० ला ते टिकेल आणि ताशी ३० ला पडेल.

मग ते ठेवावे कसे? पाठ केबिनच्या भिंतीला टेकवून. ब्रेक लागला की कपाट पुढे झुकते, पण पुढे भिंतच आहे. वळणावर त्याची तीन फुटांची रुंदी कामास येते. त्या दिशेने उलटायला ४.६ मी/से² लागतात, म्हणजे थोडी सोय झाली. मागच्या बाजूला ओढ लागते ती फक्त ट्रक वेग घेताना किंवा चढ चढताना, आणि ती २.४ पेक्षा बरीच कमी असते. तरीही दोर हवाच, कारण खड्डे आपले गणित पाळत नाहीत. कपाट, फ्रिज, धुण्याचे यंत्र अशा जड वस्तू पुढे व तळाशी. मध्ये खोकी, जड खाली व हलकी वर. सर्वांत वर गाद्या व बोचकी. अशाने साऱ्या ट्रकचाच गुरुत्वमध्य खाली राहतो.

दोर, गोणपाट आणि हादरे

जुने हमाल हौद्यात आधी गोणपाट अंथरतात. त्यामुळे पोलाद आणि पत्रा यांमधील घर्षण वाढते आणि ओरखडेही वाचतात. दोर बांधताना ते दोराचाच एक फास करून त्यातून टोक ओवतात आणि खाली खेचतात. हा फास कप्पीसारखे काम करतो. घर्षणात बरेच बल वाया जाते, तरीही नुसत्या हाताने ओढण्यापेक्षा दोर पुष्कळ ताणला जातो.

पण कितीही घट्ट बांधा, वीस-पंचवीस किलोमीटरनंतर दोर सैल झालेला आढळेल. डबीत डाळ भरून ती आपटली की डाळ खाली बसते आणि वर जागा होते. ट्रकमध्येही तेच घडते. सतत हादरे बसून वस्तू एकमेकींच्या फटींत उतरतात आणि साऱ्या सामानाची उंची कमी होते. म्हणून मंगळवेढ्याच्या अलीकडेच एकदा थांबून दोर पुन्हा आवळावा. खोक्यांतील पोकळ जागाही याच कारणासाठी कागदाच्या बोळ्यांनी भरायच्या. खोके हळूच हलवून पाहा. आतून आवाज आला तर ते नीट भरलेले नाही.

फ्रिज मात्र उभाच न्यावा. त्याच्या तळाशी असलेल्या संपीडकात वंगणाचे तेल असते. फ्रिज आडवा केला की ते नळ्यांत शिरते. आडवा न्यावाच लागला, तर नव्या घरी उभा करून काही तास तसाच राहू द्यावा व मग वीज जोडावी. आदल्या दिवशी तो बंद करून बर्फ वितळू द्यायला विसरू नये.

ट्रकमध्ये काय नको?

मे महिन्यात ताडपत्रीखाली कोंडलेली हवा बाहेरच्या हवेहून कितीतरी तापते. म्हणून सामान संध्याकाळी चढवून ट्रक रात्री काढणे चांगले. ताशी सरासरी ४० किलोमीटरने कोल्हापूर सहा तासांत येते आणि आंबा घाट उजेडात उतरता येतो. अर्थात चालकाची दिवसा पुरेशी झोप झालेली हवी.

घरात पाऱ्याचा जुना तापमापक असेल तर तो आपल्याजवळ ठेवावा. त्याची पट्टी ४२ अंश सेल्सिअसला संपते. उन्हात तापलेल्या ट्रकमध्ये पारा त्याच्याही पुढे प्रसरण पावू पाहतो. त्याला जागा उरत नाही आणि काच फुटते. सांडलेला पारा विषारी असतो. औषधेही, विशेषतः इन्सुलिन, स्वतःजवळ गार डब्यात न्यावीत.

गॅसचा सिलिंडर ट्रकमध्ये मुळीच नको. दूरच्या गावी जाताना सिलिंडर व रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून कागदपत्र घ्यायचे आणि नव्या गावी ते दाखवून जोडणी घ्यायची, अशी सोय आहे. सिलिंडरात द्रवरूप वायू दाबाखाली असतो. तापमान वाढले की तो दाब झपाट्याने वाढतो. शिवाय हा वायू हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. तो गळला तर वर निघून जात नाही, हौद्याच्या तळाशी साचतो. मग एक ठिणगी पुरते. रॉकेल, पेट्रोल आणि फवाऱ्याचे डबे यांनाही हाच नियम. इन्व्हर्टरच्या बॅटरीत गंधकाम्ल असते. ती उभी, कपड्यांपासून दूर आणि तिची टोके झाकून न्यावी.

घाट उतरल्यावर

सोलापुरात एक रिकामी प्लास्टिकची बाटली घट्ट बूच लावून सामानात टाका. रत्नागिरीत ती काढून पाहाल तर तिचे अंग आत ओढले गेलेले दिसेल. कुणी दाबली? हवेने! सोलापूर ४६० मीटर उंचीवर असल्याने तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबापेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी कमी असतो. बाटलीत कोंडलेली हवा तो कमी दाब घेऊन खाली येते आणि बाहेरची जड हवा तिला दाबते. लिटरच्या बाटलीत सुमारे ५० मिलिलिटरची घट. सोलापूरची हवा अधिक तापलेली असेल तर फरक याहूनही मोठा.

बरणीचे झाकण उघडत नाही, त्याचेही एक कारण हेच. ८ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर. पाच टक्के दाबाच्या फरकामुळे त्यावर अडीच किलो वजनाएवढे बल पडते. उलट कोकणातून घाटावर येणाऱ्यांच्या बरणीतील हवा प्रसरण पावते आणि बरणी कलंडली तर लोणच्याचे तेल बाहेर ढकलते. त्यांनी बूच पक्के लावावे, बरणी प्लास्टिकच्या पिशवीत घालावी आणि उभीच ठेवावी.

खरी परीक्षा मात्र लाकडाची. सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा २५ टक्क्यांच्या आसपास येते. कोकणात पावसाळ्यात ती ८५ टक्क्यांच्या वर असते. लाकूड हवेतील ओल शोषून घेते आणि फुगते. सगळीकडे सारखे नव्हे, तर तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक आणि लांबीच्या दिशेने नगण्य. लाकडातील ओल दहा टक्क्यांनी वाढली, तर १५ सेंटिमीटर उंचीची खणाची फळी सुमारे ३ मिलिमीटरने वाढू शकते. खण बसवताना सुताराने दोन मिलिमीटर फट ठेवली असेल तर खण अडकलाच! अशा वेळी लगेच रंधा मारण्याची घाई करू नये. कोरडे दिवस आले की लाकूड पुन्हा आकसते आणि मग तोच खण डुगडुगू लागतो. तोवर कडेला मेण घासून काम भागवावे.

कपडे, चादरी व पुस्तके सोलापूरच्या उन्हात खणखणीत वाळवून मगच प्लास्टिकमध्ये बांधावीत. कोरडी वस्तू बंद केली तर कोरडी राहते. ओलसर वस्तू बंद केली तर ओल आत कोंडते आणि बुरशी येते. पोलादी कपाटाला प्रवासात ओरखडे पडले असतील तर पावसाळ्यापूर्वी तिथे रंग लावावा. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत उघड्या पोलादावर गंज लवकर चढतो.

राहिले आजोबांचे घड्याळ. लंबक काढून वेगळा गुंडाळावा. तो तसाच ठेवला तर ज्या पातळ पट्टीवर तो टांगलेला असतो ती हादऱ्यांनी वाकते वा तुटते. समुद्रसपाटीवर गुरुत्वाकर्षण किंचित अधिक म्हणून घड्याळ किंचित पुढे जाईल, पण हा फरक दिवसाला काही सेकंदांचाच. तापमान बदलल्याने लंबकाची लांबी बदलते, तिचा परिणामही तेवढाच. घड्याळ भिंतीवर तिरके टांगले तर मात्र ते बंदच पडते. टिक आणि टॉक यांमधील अंतर समान ऐकू येईपर्यंत ते हळूहळू सरळ करावे आणि मग आठवडाभर रोज एकाच वेळी त्याची नोंद ठेवावी.

करून पाहा

१. आपल्या घरातील कपाटाची उंची, रुंदी व खोली मोजा. ते रिकामे आहे असे समजून कोणत्या कोनात उलटेल ते काढा. प्रत्यक्ष कपाट कलवू नका! हा प्रयोग काड्यापेटीवर करा. पेटी फळीवर उभी ठेवून फळी हळूहळू उचला, कोन मोजा आणि गणिताशी ताडून पाहा.

२. वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग पुस्तकांचे खोके घेऊन उभे राहा. वजाबाकीने खोक्याचे वजन काढा. खोक्याच्या आकारमानाने भागून पुस्तकांची घनता ठरवा. कपड्यांसाठी हेच पुन्हा करा.

३. सोलापूर ते पुणे असा प्रवास करणाऱ्या बाटलीचे काय होईल? पुणे सोलापूरपेक्षा सुमारे १०० मीटर उंच आहे. दर १०० मीटरला हवेचा दाब साधारण एक टक्क्याने कमी होतो असे धरून उत्तर काढा.

शिक्षकांनी एखाद्या वर्गाला शाळेच्या प्रयोगशाळेतील सामान दुसऱ्या खोलीत हलवण्याची योजना आखायला सांगावी. वस्तूंची यादी, आकारमान, क्रमांक आणि कोणती वस्तू कशी न्यायची याचे कारण, असे चार स्तंभ वहीत पाडावेत. चौथा स्तंभ भरताना मुलांना पाठ्यपुस्तक उघडावे लागेल. आणि ज्यांच्या घरी यंदा बदली आहे, त्यांनी ही वही आजपासूनच घालावी. ट्रक दारात आल्यावर ती लिहायला सवड मिळत नाही.